आईचा नमुना पाठ

शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की माझी आई संपायची आणि लताबाई सुरू व्हायच्या. हा नियम तिने मी पहिलीत असतानाच घालून दिला होता. घरापासून फाटकापर्यंत तिचं बोट धरायचं, फाटकाशी सोडायचं आणि शाळा सुटेपर्यंत तिला 'बाई' म्हणायचं. तिसरीत असताना एकदा आमच्या बाई रजेवर होत्या म्हणून ती आमच्या वर्गावर आली होती. माझ्या पोटात कळ आली आणि मी "आई गं" म्हणून कळवळले, तर पोरं फिदीफिदी हसली. तिने हातातला खडू खाली न ठेवता सांगितलं, "आधी बाई म्हण, मग बाहेर जा." मी बाई म्हणाले आणि बाहेर गेले. चौथीत तर ती माझी वर्गशिक्षिकाच झाली. वर्गातल्या पोरांचा पक्का समज होता की बाईंच्या पोरीला पेपरातले प्रश्न आधीच कळतात. कळत नव्हते, आणि कळले असते तरी मी काय दिवे लावणार होते, मला प्रश्नच धड वाचता यायचा नाही.

अक्षरं येत होती. जोडाक्षरंसुद्धा येत होती. पण वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात माझ्या हातून निसटलेली असायची. मग पुन्हा मागे जायचं, पुन्हा पहिल्या शब्दाला बोट लावायचं, तोवर शेवट गेलेला. परिच्छेद तर दूरच राहिला. निबंधाच्या तासाला मी वर समास आखायची, तारीख घालायची, शीर्षकाखाली दोन रेघा मारायची आणि तास संपेपर्यंत त्या रेघा ठळक करत बसायची. आता अशा मुलांसाठी वेगवेगळी नावं निघालीत, समुपदेशक आहेत, परीक्षेत जादा वेळ मिळतो. आमच्या वेळी एकच नाव होतं, ढ, आणि ते एका अक्षराचं असल्यामुळे मलाही वाचता यायचं.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये बरॅकीत राहायचो. एका लांबलचक बरॅकीचे भिंती घालून तुकडे केलेले होते आणि त्या भिंती छपरापर्यंत पोहोचत नव्हत्या. त्यामुळे कुणाच्याही घरातला कुकर सगळ्यांच्याच घरात वाजायचा. पलीकडे पद्मा आंटी राहायची, सिंधी, पापड लाटून दुकानांना देणारी. दुपारभर तिचं लाटणं पोळपाटावर फिरायचं, त्याच्या आवाजात मी किती दुपारी झोपले असेन. गल्लीच्या तोंडाशी शिलाईचा कारखाना होता, तिथली मशिनं सकाळी एकदम सुरू व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीत एकदम थांबायची, तेव्हा कानाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्या घरात सुकट भाजली की भिंतीवरून आंटीचा आवाज यायचा, "लता, खिडकी खोल ना बाबा." आणि तिच्याकडे कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाडजूड रोटी, भाजली जात असेल, तर त्या वासाने मी आपोआप तिच्या दारात उभी राहायची. पप्पा अंबरनाथला केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या, त्यामुळे ते मला आठवतात ते बहुतेक झोपलेलेच.

घरातला खरा जागता माणूस म्हणजे तात्या, माझे आजोबा, पप्पांचे वडील. दीक्षा घेऊन परत आल्यावर आपण दोनच कामं केली, असं ते सांगत. घरातले देव नदीला सोडले आणि रात्रशाळेत नाव घातलं. तेव्हा त्यांना दोन मुलं होती आणि ते कारखान्यात हमाली करत होते. माझ्या लहानपणी ते निवृत्त झाले होते. सकाळी वंदना झाली की चहाचा कप बाजूला ठेवून ते पेपर मोठ्याने वाचायला बसत, पहिल्या पानापासून. एकट्यासाठी नव्हे, सगळ्या बरॅकीसाठी. भिंतीपलीकडून फर्माइशी यायच्या. "तात्या, सोने का भाव फिर से पढो ना," असं आंटी म्हणाली की तात्या घसा खाकरून भाव पुन्हा वाचत. खिशाला कायम शाईचं पेन. सही करायची तर पूर्ण नावाची, वळणदार, खाली रेघ मारून. रेशनच्या दुकानात मागची रांग कटकट करायला लागली तरी त्यांचं नाव अर्धं राहायचं नाही. अशा माणसाची एकुलती एक नात वाचू शकत नव्हती. सुरुवातीला ते मला मांडीवर घेऊन पेपरातला एखादा मथळा वाचायला सांगत. मी त-त-प-प करायची. पुढे त्यांनी सांगणं सोडून दिलं. रागावले कधीच नाहीत, नुसता पेपर घडी करून ठेवायचे, आणि मला वाटायचं, याच्यापेक्षा एक रट्टा घातला असता तर बरं झालं असतं.

आईची नोकरी तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात आमच्याकडे एक न बोललेली धाकधूक असायची, जूनमध्ये तिला परत बोलावतात की नाही याची. ती बोलायची नाही, पण मे महिन्यात तिच्या हातच्या भाकऱ्या करपायच्या. अशातच संस्थेने तिला पुण्याला कसल्याशा शिबिराला पाठवलं. परत आली ती काखेत तपकिरी कागदांची भलीमोठी गुंडाळी घेऊन. बॅग तशीच टाकून तिने ते कागद जमिनीवर पसरले आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. त्यावर वाक्यं जवळजवळ नव्हतीच. चौकटी होत्या, वर्तुळं होती, बाण होते. मला वाटलं, कुठल्या तरी मशिनीचा नकाशा आहे. माझी नात बदलापूरला ज्या शाळेत जाते तिथे आता असल्या चौकटी छापून येतात, रंगीत, कोपऱ्यात हसरी फुलपाखरं असलेल्या, आणि तिच्या टीचर त्यांना ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात. आमच्याकडे त्यांना घरगुती नावं पडली, कारण आईने आधी स्वयंपाकघरात माझ्यावर त्यांची परीक्षा घेतली.

पहिला आला कोळी. मध्ये एक गोल, त्यात विषय, आणि त्याला आठ पाय. "पाऊस असं मध्ये लिही. आता एकेका पायावर एकच गोष्ट. वाक्य नको, शब्द चालेल." मी लिहिलं, छप्पर. मग लिहिलं, बादली. मग पप्पांचे बूट. आठ पाय भरले तेव्हा आई म्हणाली, "झाला की निबंध. आता एकेका पायाचं एक वाक्य कर." मग आली दोन ताटं. जमिनीवर पीठ पसरून आईने दोन ताटं पालथी घातली, एकमेकांवर थोडी चढवून, आणि बोटाने त्यांच्या कडा पिठात उमटवल्या. एका ताटात आमचं स्वयंपाकघर, दुसऱ्यात आंटीचं, आणि मधल्या जागेत जे दोघींकडे आहे ते. मी वाल आणि सुकट इकडे टाकली, कोकी आणि साई भाजी तिकडे. मध्ये टाकला पापड आणि माझा हट्ट म्हणून लसूण. भिंतीवरून आंटी म्हणाली, "मेरे घर में लसूण कम पडता है, बेबी." तेवढ्यावरून, 'आंटीकडे मात्र लसूण कमी' असं म्हणत आईने मला 'मात्र' हा शब्द वापरायला शिकवलं.

पण मला तारलं ते पाच डब्यांनी. कोण, कुठे, काय अडलं, मग काय केलं, शेवटी काय झालं. गोष्ट वाचताना एक वाक्य वाचायचं, थांबायचं आणि ते कुठल्या डब्यात जातं ते ठरवायचं. डब्यात टाकलं की ते विसरलं तरी चालेल, कारण ते तिथे आहे. एवढंच. माझ्या हातून इतकी वर्षं जे निसटत होतं त्याला ठेवायला जागा मिळाली. आधी आई डबे आखून द्यायची, मग मी आखायला लागले, मग एक दिवस न आखताच ते माझ्या डोक्यात दिसायला लागले. हरवलेल्या गाढवाला शोधत निघालेल्या कुंभाराचा एक धडा आम्हाला होता. तो मी एका संध्याकाळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचला. आई कणीक मळत होती. तिने तशाच पिठाळ हातांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "वाचलंस गं बाई माझे, वाचलंस." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती तशी आई मला नंतर पुन्हा मिळाली नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

तात्यांना सांगायला मी उठलेच होते. तिने हात धरला. "आत्ता नको. नीट पक्कं होऊ दे, मग एकदम दाखवू." म्हणून आम्ही दोघींनी ते लपवून ठेवलं. सकाळी तात्या पेपर वाचायचे आणि मी त्यांच्या खांद्यामागून पुढची ओळ मनात वाचायची, त्यांच्या आधी. मला हसू दाबावं लागायचं. त्यांच्यासमोर कधी तरी उभं राहून मोठ्याने वाचायचं, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती.

मग शाळा तपासणारे शिक्षण खात्याचे साहेब येणार असल्याचं कळलं. आईच्या नव्या पद्धतीची कुणकुण वरपर्यंत गेली होती आणि तिने त्यांच्यासमोर नमुना पाठ घ्यायचा होता. साहेबांचा शेरा चांगला आला तर तिला कायम करायचं, असं संस्थेने मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून कळवलं होतं. मागे बसायला पालकही बोलवायचे होते, वर्ग भरलेला दिसावा म्हणून. आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी कपाटासमोर उभी राहून पाठ म्हणायची. आदल्या संध्याकाळी मेथी निवडताना तिने विषय काढला.

"वैशू, उद्या तुला दोनदा उभी करणार आहे."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा वाचशील ना, तेव्हा मागच्या वर्षी वाचायचीस तसं वाच. अडखळत. मग आपण फळ्यावर डबे काढू, सगळे मिळून भरू, आणि मग तू परत वाच, आत्ता वाचतेस तसं. साहेबांना फरक दिसायला हवा."

"पण मला येतंय की आता."

"येतंय म्हणून तर तुला सांगतेय. ज्यांना येत नाही त्यांना एका तासात थोडंच यायला लागणार आहे?"

"मग ते खोटं झालं ना?"

"खोटं कसलं त्यात? झालंय ते खरंच. चार महिने लागले ते एका तासात दाखवायचं, बस." मग देठ मोडता मोडता ती म्हणाली, "आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचणार तूच आहेस. तुलाच टाळ्या मिळतील."

मला ते पटलं नव्हतं, पण शेवटच्या वाक्यावर मी विरघळले. आपल्या घरचं कुणी तिथे नको, आपल्याला बोलायला सुचणार नाही, असं तिने पप्पांना बजावलं होतं. ते मी ऐकलं होतं. तरी सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी तात्यांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "तात्या, आज शाळेत या. मागे बसा. आईला कळू देऊ नका, ती घाबरते." तात्यांनी विचारलं, "काय आहे गं?" मी म्हणाले, "आल्यावर कळेल." त्यांनी इस्त्रीचा सदरा काढलेला पाहूनच मी शाळेला निघाले.

वर्ग सारवल्यासारखा स्वच्छ होता. साहेब पुढे टेबलाशी खुर्चीत, त्यांच्याबरोबर आणखी दोघं, बाजूला मुख्याध्यापिकाबाई. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी आल्या आल्या आमच्याशी हसून गप्पा मारल्या, एका पोराची सुटलेली बुटाची नाडी बांधायला लावली. मागच्या दोन बाकांवर पालक होते. पाठ सुरू झाला आणि आई फळ्यावर धड्याचं नाव लिहायला वळली तेव्हा तात्या दारातून वाकून आत आले आणि अगदी शेवटी, एका जाडजूड बाईच्या मागे बसले. आईला दिसले नाहीत. मला दिसले.

"वैशाली, तू वाच," बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. धडा कुंभाराचाच होता. मला तो आता पाठ होता, पण मी बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून, मागे जाऊन, पुन्हा येऊन वाचलं. वर्षभरापूर्वीच्या माझीच मी नक्कल करत होते आणि ती इतकी हुबेहूब जमली की मलाच भीती वाटली. कुणीतरी मागे हसलं. दोन ओळींतच साहेबांनी हात वर केला. "पुरे बाळ, पुरे. नाव काय तुझं? पूर्ण नाव सांग."

मी आडनावासकट सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की काही माणसांच्या चेहऱ्यावर एक मऊ भाव येतो आणि त्यांची मान आपोआप हलते, पुढचं सगळं न सांगता समजल्यासारखी. पुढच्या आयुष्यात तो भाव मी फार ठिकाणी पाहिला. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शाळेत सगळ्या बाईंना पहिल्या नावानेच ओळखायचे, त्यामुळे लताबाईंचं आडनावही तेच आहे, हे साहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी आईला विचारलं, "घरी कुणी अभ्यास घेतं का हिचा?"

आईने ती मान हललेली पाहिली होती. मी आईकडे बघत होते, म्हणून मला खात्रीने सांगता येतं. तिने पाहिली आणि म्हणाली, "नाही ना साहेब. घरात वाचणारं कुणीच नाही. वडील मजुरीला जातात, आजोबा अंगठेबहाद्दर. वातावरणच नाही. तरी आपण प्रयत्न करतोय."

साहेब हळहळले. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं माहीत होतं, त्या छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या पोरांनाही माहीत होतं, पण पोरं बाईंच्या तोंडून आलेलं खोडत नाहीत. आईने ते वाक्य आधी ठरवून ठेवलं होतं का, की मान हललेली बघून त्या क्षणी सुचलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आधी ठरवलं असेल तर ते नीच होतं, आणि त्या क्षणी सुचलं असेल तर ते इतक्या सहज कसं सुचलं, याचा मला जास्त त्रास होतो. मी मागे पाहिलं. तात्या समोर बघत होते, पण कुणाकडेच बघत नव्हते.

पाठ पुढे गेला, आणि चांगला गेला, हे कबूल करायला हवं. पाच डबे फळ्यावर आले, पोरं हात वर करकरून ते भरत होती, साहेबांबरोबरची दोघं वहीत चौकटी उतरवून घेत होती. मग बाई हसून माझ्याकडे वळल्या. "आता वैशाली पुन्हा वाचेल हं." हीच ती वेळ. मी उभी राहिले, पुस्तक वर धरलं, पहिलं वाक्य मला नीट दिसत होतं. पण तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. 'एका गावात' एवढं वाचलं आणि पुढचं अक्षर न् अक्षर सुटं झालं. मी नक्कल करत नव्हते. आई थांबली, तिने भुवया उंचावल्या, ओठ हलवून पुढचा शब्द पुरवला. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यात माझ्याबद्दलची काळजी मी शोधली, आणि ती नव्हती. "बस तू. कीर्ती, तू वाच." कीर्ती वर्गात पहिली यायची. ती घडाघडा वाचून गेली. टाळ्या झाल्या. साहेब आईला समजावत म्हणाले, "असू द्या हो बाई, अशा मुलांना वेळ लागतोच."

नंतर मुलांना बिस्किटं वाटायला अंगणात पाठवलं आणि पालकांना हजेरीच्या रजिस्टरवर सही करायला पुढे बोलावलं. मी बाहेर गेले नाही, दारामागे थांबले. मला खात्री होती, आता तात्या पुढे येतील, खिशातलं पेन काढतील आणि रेशनच्या दुकानात करतात तशी पूर्ण सही करतील, खाली रेघ मारून. कदाचित टेबलावरचा साहेबांचा पेपर उचलून मोठ्याने वाचतीलही. मी त्यांना रांगेत सरकताना बघत होते आणि माझा जीव त्यांच्या खिशातल्या पेनात अडकला होता.

तात्या टेबलाशी आले तेव्हा आईने त्यांना पाहिलं. ती साहेबांना चहा देत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मान वर न करता विचारलं, "कुणाचे पालक?"

"वैशालीचे आजोबा," तात्या म्हणाले.

साहेबांनी ते ऐकलं आणि मायेने म्हणाले, "बाबा, नातीला शाळेतून काढू नका बरं का. शिकू द्या तिला."

तात्यांचा हात खिशापर्यंत गेला होता. त्यांनी आईकडे पाहिलं. फार वेळ नाही, पेपराचं पान उलटायला लागतो तेवढाच. मग हात खाली आला आणि त्यांनी रजिस्टरशेजारच्या शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबला. "व्हय सायेब," ते म्हणाले, "शिकवू की." तात्या कधीही 'व्हय' म्हणत नसत. मी म्हणाले तर माझी चूक काढत.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर आईने माझं बोट धरलं नाही. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य आलं ते माझ्यावर. "तात्यांना कुणी बोलावलं होतं? तू?"

"हो."

"सांगितलं होतं ना घरचं कुणी नको म्हणून? बघितलंस काय केलंस ते? त्यांच्यासमोर मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

मला वाटलं होतं ती माझी समजूत काढेल. निदान दुसऱ्यांदा आवाज का फुटला नाही, ते तरी विचारेल. तिने सगळं उचलून माझ्या पदरात टाकलं आणि चूल पेटवायला गेली. तात्या आले ते नळावर बराच वेळ अंगठा घासत बसले. मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, "तुम्ही सही का नाही केली?"

"तुझ्या आईची नोकरी आहे, वैशू. भर सभेत तिला खोटं पाडू का मी?"

"पण तिने तुम्हाला पाडलं."

"पाडलं तर पाडलं. मी उठून उभा राहीन." मग दगडावर अंगठा घासत म्हणाले, "तू वाचलंस ते ऐकलं. होईल हळूहळू. तू मनाला लावून घेऊ नको." म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. मला वाचता येत नाही, असंच त्यांना वाटत होतं. मला वाचता येतं, आईने मुद्दाम तसं वाचायला लावलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आतून आईच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, ती ऐकत होती, आणि मी ते गिळून टाकलं. त्या दिवशी मला दोघांचाही राग आला. आईचा जास्त, पण तात्यांचा राग अधिक दिवस टिकला, कारण त्यांनी मला एकटं पाडलं असं मला वाटलं. ती दोघं मोठी माणसं एका बाजूला झाली आणि खोटं त्यांनी आपसांत वाटून घेतलं. माझ्या वाट्याला खरं आलं, आणि त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आई कायम झाली. पेढे आले. तिने पहिला पेढा तात्यांच्या हातावर ठेवला आणि वाकून त्यांच्या पाया पडली. ती एरवी पडत नसे. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भिंतीपलीकडे पेढे पोहोचले तेव्हा आंटी म्हणाली, "लता, अब तू पक्की हो गयी." सगळे हसले. त्या घरात तो विषय नंतर कुणीही, कधीही काढला नाही. तात्या सकाळी पेपर वाचत राहिले, थोड्या हळू आवाजात.

पण लिहायला तर मी शिकले होते. पुढे एकदा निबंधाचा विषय आला, माझे आजोबा. मी कोळी काढला, आठही पाय भरले, मग एकेका पायाचं वाक्य केलं, तिने शिकवलं होतं तसंच. माझे आजोबा रोज पेपर मोठ्याने वाचतात. ते सोन्याचा भाव दोनदा वाचतात. ते रेशनच्या दुकानातसुद्धा पूर्ण नावाची सही करतात. आणि शेवटी लिहिलं, माझ्या शाळेत मात्र त्यांनी अंगठा लावला, कारण बाईंनी सांगितलं होतं की त्यांना सही येत नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा एक अख्खं पान लिहिलं होतं. वह्या गोळा केल्या आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत होतं, 'छान. शेवट बदल.' मी तो निबंध पुढच्या पानावर जसाच्या तसा उतरवला, त्याच शेवटासकट, आणि पुन्हा दिला. घरी आम्ही एकमेकींशी फक्त मिठाबद्दल आणि पाण्याबद्दल बोलत होतो. या वेळी वही परत आली तेव्हा शेरा नव्हता. माझ्या शेवटच्या वाक्यावर एक सरळ रेघ मारलेली होती, आणि वर तिच्या त्या सुंदर, मोत्यासारख्या अक्षरात नवं वाक्य लिहिलेलं होतं, 'माझ्या शाळेतही त्यांनी ऐटीत सही केली.' बाजूला, 'उत्तम. वर्गात वाचून दाखव.'

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते वाक्य तिने लाज वाटून लिहिलं, तात्यांना सही परत द्यावी म्हणून लिहिलं, की नुसतं स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलं, हे मी तिला विचारू शकले असते. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी दिवसेंदिवस बसलेली असायची, पण विचारलं नाही. तिचं उत्तर मला पटलं असतं तर, याची मला भीती वाटायची.

त्या दिवशी तिने टेबलामागून नाव पुकारलं. "वैशाली, उभी राहा. मोठ्याने वाच, शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी 'होय बाई' म्हणाले, वही वर धरली आणि वाचायला लागले. पूर्ण पान वाचलं, तिने लिहिलेल्या शेवटासकट, एकदाही न अडखळता.